खिडकीतला हात

प्लायवूडची खिडकी आली तेव्हा घरातली जेवणं नुकतीच आटोपली होती. सुताराच्या माणसांनी ती जिन्यातून तिरकी करत वर आणली, बैठकीच्या भिंतीला टेकवली आणि रंग अजून ओला आहे, हात लावू नका, असं बजावून ते निघून गेले. हिरव्या झडपा, उभे गज, खाली कुंडी ठेवायला फळी. आकाराने खऱ्या खिडकीएवढीच.

जिजी शिलाई मशीनवर बसली होती. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी स्टेजच्या पडद्याला किनार मारायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. हात कामात असले की कुणी तिला फारसं बोलायला लावत नसे. तिने चष्म्यावरून खिडकीकडे पाहिलं आणि तिचा पाय पायट्यावरच थबकला. मधला एक गज मुद्दाम जरा वाकडा बसवला होता. त्यांच्या बेडरूमच्या खिडकीचा होता तसाच.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"कळेल," धाकटा म्हणाला. तिचा मुलगा चाळिशीला आला होता, पण काही मनासारखं जमून आलं की अजून शाळेतल्यासारखा हात चोळायचा. "अजून दहा मिनिटं दम धर."

दुकानाला पन्नास वर्षं झाली होती. लग्न असो, सभा असो, शाळेचं गॅदरिंग असो, माइक आणि स्पीकर यांच्याच दुकानातून जायचे. लांबट तोंडाचे पत्र्याचे कर्णे केव्हाच माळ्यावर जाऊन पडले होते, तरी जिजीच्या नवऱ्याला, आप्पांना, सगळा बाजार अजून 'कर्णेवाले'च म्हणायचा. धंदा आता धाकटा बघत होता. पन्नाशी नुसत्या चहापाण्यावर उरकायची नाही असं त्याने मनावर घेतलं, हॉल घेतला आणि जुन्या गिऱ्हाइकांपासून नातलगांपर्यंत सगळ्यांना बोलावलं. कार्यक्रमही त्यानेच बसवला. ज्याने त्याने स्टेजवर यायचं, आपलं सगळ्यांत लाडकं प्रेमगीत कोणतं ते सांगायचं, त्यामागची आठवण सांगायची, आणि मग ते गाणं वाजवायचं. निवेदन त्याच्या बायकोकडे. ती टेलिफोन कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या कामावर होती, आणि तिचा आवाज असा की ओरडायला फोन केलेला माणूस शेवटी आभार मानून फोन ठेवायचा.

घरच्या मंडळींची रंगीत तालीम आत्ता बैठकीत चालली होती.

पहिली पाळी आत्याची. आत्या म्हणजे आप्पांची मोठी बहीण, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. खुर्चीत ताठ बसून, वर्गावर बोलल्यासारखी ती बोलली. "मला ते गाणं मुळीच आवडत नाही. ह्यांना आवडायचं. त्यातली एकच ओळ ह्यांना यायची, तीसुद्धा चुकीची. मी जन्मभर ती दुरुस्त करत राहिले. हे गेल्यानंतर एकदा ते गाणं रेडिओवर लागलं, आणि ती ओळ आली तेव्हा मला वाटलं, गाणारा चुकला." एवढं बोलून तिने घसा साफ केला. "बास. पुढच्याला बोलवा."

थोरली हसता हसता डोळे पुसत होती. थोरली म्हणजे जिजीची मुलगी, धाकट्याची मोठी बहीण. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स. रक्त बघून जिचा चेहरा हलत नाही ती आत्याच्या चुकलेल्या ओळीने हलली होती. जिजीलाही बरं वाटलं. अजूनपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

मग आप्पा उठले.

माइक हातात आला की आप्पांची पाठ सरळ व्हायची. माइकला वायर होती पण ती कुठेच जोडलेली नव्हती. तरी त्यांनी सवयीने त्यावर दोनदा टकटक केलं.

"तर नवा कर्णा आला होता," त्यांनी सुरू केलं. "आमचा पहिलाच. दुकान म्हणजे तेव्हा समोरच्या बोळात एक पत्र्याची शेड, आणि आमची खिडकी बरोबर तिच्यासमोर, वर. म्हटलं, हा कर्णा पहिल्यांदा वाजवायचा तर कुणासाठी? गिऱ्हाइकासाठी? छे. कर्ण्याचं तोंड फिरवलं खिडकीकडे आणि गाणं लावलं. गाणं तुम्हाला ठाऊक आहे. तो खाली रस्त्यात उभा असतो आणि वरच्या मजल्यावरच्या तिला म्हणतो, एकदा दिसू तरी दे. बघता बघता बोळ भरला. मला घाम फुटला. आमची ही लाजाळू. ही काय येते खिडकीत? आणि गाणं संपता संपता..."

इथे ते थांबायचे. दरवेळी इथेच थांबायचे.

"गजांतून हात आला. नुसता हात. असा." त्यांनी मोकळा हात वर करून हवेत हलवला. "लोकांनी टाळ्या पिटल्या. मी आवाज चढवला आणि गाणं पुन्हा लावलं."

"आणि इथे," सून हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "स्टेजवरचे दिवे मंद. मागे खिडकीवर प्रकाश. जिजी, तुम्ही खिडकीमागे उभ्या राहायचं. गाणं सुरू झालं की फक्त हात बाहेर काढून हलवायचा. तुमचं तोंडसुद्धा दिसणार नाही."

"चल, एकदा करून बघू," धाकटा म्हणाला. तो खिडकी उचलायला पुढे झालासुद्धा.

"नाही," जिजी म्हणाली.

"अगं, लाजतेस काय? सगळी आपलीच माणसं आहेत."

"लाजत नाही मी." तिने सुईखालून पडदा ओढून काढला. दोरा तुटला. "त्या दिवशीही लाजत नव्हते. मी त्या खिडकीमागे उभी राहणार नाही, आणि ते गाणं वाजवायचं नाही."

आत्याने हातातला कप बशीत ठेवला. "वहिनी," ती हलक्या आवाजात म्हणाली.

बाकी काही नाही, नुसतं 'वहिनी'. पण जिजीला तो सूर पाठ होता. सासूबाईंनी जी गोष्ट एकदाच कानात सांगितली होती, तीच आत्या पुढे सगळी वर्षं या एका शब्दात सांगत आली होती. गप्प बस, असा त्याचा अर्थ. जिजीने तो सूर इतक्या वेळा मानला होता की मानण्यात काही विशेष आहे हेही ती विसरली होती. आज तो वाकडा गज डोळ्यासमोर होता, आणि तो सूर ऐकल्याबरोबर तिच्या अंगाचा भडका उडाला.

"नको, ताई. आज मला 'वहिनी' म्हणू नका," ती म्हणाली. "आज मी बोलणार आहे."

तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"मी पडले होते. ट्रंकेवर चढून पडदा लावत होते, पाय सरकला. घरात कुणी नव्हतं. ह्यांची आई बाजारात, ताई शाळेत शिकवायला. पोटात अशी कळ आली की उभं राहता येईना. मी हाका मारायला लागले, आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं. कर्ण्याचं तोंड आमच्याच खिडकीकडे. माझी हाक मला स्वतःलासुद्धा ऐकू येत नव्हती. सरपटत खिडकीपर्यंत गेले. एका हाताने गज धरला. तो वाकडा आहे ना, तो माझ्या वजनाने वाकला. दुसरा हात बाहेर काढला. खाली सगळे हसत होते. ह्यांनी माझ्याकडे बघून हात केला, आणि आवाज वाढवला."

तिने तुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"दुसऱ्यांदा गाणं संपायच्या आत मी खाली पडले. पुढचं मला आईंनी सांगितलं तेवढंच माहीत आहे."

सुनेच्या हातातला कागद हळूहळू खाली आला. पहिली बोलली ती थोरली, आणि बोलली ती नर्सच्या आवाजात. "कितवा महिना होता?"

"सातवा सरत आला होता."

"रक्तस्राव?"

"हो."

"आणि मूल?"

"गेलं."

थोरलीने खुर्चीचा हात धरला. "म्हणजे माझ्या आधी..."

"तुला सगळे थोरली म्हणतात," जिजी म्हणाली. "तू दुसरी आहेस."

धाकट्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता. पण तो आप्पांच्या तालमीतला. गडबड झाली की आधी आप्पांच्या बाजूला जाऊन उभा राहायची त्याला लहानपणापासूनची खोड. "वाईट झालं," तो म्हणाला. "फारच वाईट. पण जिजी, आप्पांना काय माहीत? त्यांना कळलं असतं तर ते धावत वर आले नसते? ते बिचारे तुझ्यासाठीच गाणं लावत होते. आणि आज, आज ऐन वेळेला, त्यांच्यासमोर..."

"तेच तर," जिजी म्हणाली. "हेच मी सगळा जन्म स्वतःला सांगत आले."

आणि ते खरं होतं. शुद्धीवर आल्यावर सासूबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्याला सांगू नकोस, त्या म्हणाल्या होत्या. तो कर्णा घेऊन गेल्यानंतर तू पडलीस, असं मी सांगितलंय. तो हात कशासाठी होता ते कळलं तर तो कोलमडेल, पुन्हा कामाला हात लावणार नाही. जिजीने मान हलवली होती. पुढे काही वर्षांनी आप्पा दुकानात बसून ती खिडकीची गोष्ट सांगायला लागले, तेव्हा पहिल्यांदा ऐकताना तिला वाटलं होतं, आपण आता किंचाळणार. मग तिने स्वतःची समजूत घातली. त्या काळ्या दिवसातून ह्यांच्या वाट्याला एवढा एक हातच आला आहे, तो राहू दे ह्यांच्याजवळ. तिने तो राहू दिला. गिऱ्हाइकांसमोर, पाहुण्यांसमोर, मुलांच्या वाढदिवसांना. गोष्ट सुरू झाली की ती उठून पाणी आणायला आत जायची.

आता सगळं बोलून झाल्यावर तिने आप्पांकडे पाहिलं. ते कोलमडणार, याची तिला खात्री होती. इतक्या रागातही तिच्या मनात आलं, खुर्ची जवळ आहे ना त्यांच्या?

आप्पा उभे होते. माइकची वायर ते हातावर गुंडाळत होते. कोपरावरून, अंगठ्यावरून, पुन्हा कोपरावरून. मान खाली होती. चेहऱ्यावर दुःख होतं, शरम होती. एकच गोष्ट नव्हती, आणि जिजी तीच शोधत होती. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," जिजी म्हणाली.

वायर गुंडाळायची थांबली.

"आप्पा?" धाकटा म्हणाला.

"मी सांगितलं त्याला," आत्या म्हणाली. तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "त्याच आठवड्यात. आईची शपथ मोडून सांगितलं. बोळात पुढे उभ्या असलेल्या एकीने मला म्हटलं होतं की तो हात काही ठीक वाटला नाही. मी आईला खोदून विचारलं आणि मग याला सांगितलं." ती भावाकडे वळली. "कशासाठी सांगितलं? तू हिच्याजवळ जाऊन बसावंस म्हणून. पायावर डोकं ठेवून रडावंस म्हणून. तू त्याचा तमाशा केलास. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, याला वेड लागलंय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, दोघांनी मिळून काही ठरवलं असेल. तिसऱ्यांदा मी टाळी वाजवली. माझीही चूक आहेच."

"तुम्ही टाळी वाजवलीत आणि मला 'वहिनी' म्हणत राहिलात," जिजी म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. तिने सबब सांगितली नाही.

आप्पांनी माइक टेबलावर ठेवला. "कुठल्या तोंडाने जाणार होतो मी तुझ्याजवळ?" ते म्हणाले. "तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी दारापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. मग दुकानात एकाने विचारलं, त्या दिवशी गाणं कसलं लावलं होतंस रे? मी म्हटलं, बायकोसाठी. तिने खिडकीतून हात केला. माणूस खूश झाला. पाठ थोपटली माझी. कितीतरी दिवसांनी मला श्वास घेता आला. मग मी सांगतच गेलो. सांगून सांगून मला तसंच दिसायला लागलं गं. खरंच सांगतो. डोळे मिटले की तू हसताना दिसतेस."

"माझं तोंड दिसतच नव्हतं," जिजी म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, नुसता हात."



ती उठून उभी राहिली. पडदा मांडीवरून घसरून जमिनीवर पडला, तो तिने उचलला नाही. तिच्या आयुष्यात असा राग तिला कधी आला नव्हता. आधीचा सगळा राग त्या दिवसावर होता, त्या कर्ण्यावर होता, नशिबावर होता. त्याला धरायला माणूस नव्हता. आता माणूस समोर उभा होता, धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून.

"मी तुम्हाला वाचवायला गप्प बसले," ती म्हणाली. "आणि तुम्ही वाचलेलेच होतात. तुम्हाला श्वास मिळाला, छान झालं. माझ्या हातावर मिळाला. दर वेळी तुम्ही सुरुवात करायचात आणि मी आत जायचे. इतक्या वर्षांत एकदा तरी मागून आलात? ही दर वेळी का उठून जाते, असं विचारावंसं वाटलं? नाही वाटलं, कारण तुम्हाला माहीत होतं. मी तिथे ओट्याला धरून उभी असायचे, आणि तुम्ही इकडे माणसांना हसवत असायचात."

"जिजी, पुरे," धाकटा म्हणाला. "त्यांचं वय बघ."

"माझं वय बघ," जिजी म्हणाली.

थोरली खिडकीपाशी, खऱ्या खिडकीपाशी, जाऊन उभी राहिली होती. ती वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. जिजीला वाटलं, आता ही आप्पांवर तुटून पडणार. पण थोरली तिच्याकडेच बघत होती.

"माझ्या लग्नात हेच गाणं वाजत होतं," ती म्हणाली. "मी हट्टाने लावून घेतलं. आईवडिलांचं गाणं म्हणून. तू माझ्या शेजारी उभी होतीस."

"होते."

"हसत होतीस."

"तुझं लग्न होतं."

"तेव्हाच सांगायचं होतंस, नाहीतर कधीच सांगायचं नव्हतंस. आम्ही नवराबायको भांडलो की हा अजून ते गाणं लावतो आणि माझा राग जातो. आता काय करू मी? त्याला काय सांगू?"

मुलीचं खोटं नव्हतं. एका रागाच्या पोटात दुसऱ्याचा राग असतो आणि तोही खराच असतो, हे तिला त्या क्षणी फार जड गेलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे त्याचं उत्तर नाही."

खाली बोळात कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मग सुनेने हातातला कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला.

"हे निवेदन मी करणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"सुरुवात आत्यांच्या गाण्याने करते. मग दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, मग बाकीचे. शेवटी आभार. आप्पांची गोष्ट नाही, गाणं नाही, खिडकी नाही."

"बोर्डावर छापलंय सगळं. हॉलच्या दारात लावलाय. लोक त्यासाठीच येतायत. तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी दिवसभर तक्रारी ऐकते," ती त्याच मऊ, समजुतीच्या आवाजात म्हणाली. "लोक पाच मिनिटं थांबावं लागलं तरी शिव्या देतात. जन्मभर थांबून कुणी तक्रार केली तर मी त्या माणसाचा फोन ठेवत नाही. बोर्ड काढ जाऊन."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, शेवटी आप्पांकडे पाहिलं. तिथून तरी काही येईल अशी त्याला आशा होती. आप्पा टेबलाची कड धरून उभे होते. "मी हे सगळं कुणासाठी केलं?" धाकटा ओरडला. "महिनाभर राबलोय मी. तुमच्यासाठी. तुमच्या प्रेमासाठी. लहानपणापासून ही एकच चांगली गोष्ट ऐकत आलो मी या घरात." त्याचा आवाज फाटला. त्याने ती खिडकी एकट्यानेच उचलली. ओला रंग शर्टला लागला, हातांना लागला. जिन्याच्या वळणावर ती अडकली, आणि त्याने झडपेवर लाथ घातल्याचा आवाज वर ऐकू आला. एकदा, मग पुन्हा. मग लाकूड मोडलं. मग टेम्पो चालू झाला.

सून पाठोपाठ गेली. जाताना तिने जिजीच्या दंडाला हात लावला. आत्यासुद्धा उठली. "मी जाते हॉलवर," ती म्हणाली. "मी गेले नाही तर तो एकटा पडेल. बोर्ड उतरवायला मी त्याच्याबरोबर उभी राहीन. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं तेही मी बघेन." दारात ती थांबली. "वहिनी," म्हणणार होती, पण तिने तो शब्द गिळला आणि जिना उतरून गेली.

बैठकीत तिघं उरली. आप्पा, जिजी आणि थोरली.

"मला ती जागा दाखवा," जिजी म्हणाली.

आप्पांनी वर पाहिलं.

"तुम्ही आणि ताईंचे मालक बाळाला घेऊन गेला होतात. आई म्हणाल्या, विचारू नये. मी विचारलं नाही. आज विचारते. कुठे नेलंत?"

"आता तिथे काही राहिलं नसेल," आप्पा म्हणाले.

"असू दे. दाखवा."

थोरलीने गाडीची किल्ली उचलली.

आप्पा पुढे बसले होते आणि वळण आलं की नुसता हात करत होते. जुन्या दफनभूमीच्या मागची जागा, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. दफनभूमीची भिंत अजून होती, दगडी, वरून कुठे कुठे ढासळलेली. पण मागची झाडी गेली होती. तिथे आता मोठं सपाट मैदान होतं आणि त्यावर गाडी शिकवायच्या शाळेने नारिंगी खुणा मांडून ठेवल्या होत्या. एक बाई छोटी गाडी पहिल्या गियरमध्ये घेऊन त्या खुणांमधून नागमोडी फिरत होती. गाडी गचके देत होती. शिकवणारा माणूस कडेला उभा राहून तिला क्लच हळू सोडायला सांगत होता.

ऊन अजून कलायचं होतं. थोरली गाडीपाशीच थांबली. जिजी आणि आप्पा भिंतीकडे चालत गेले.

"इथे," आप्पा म्हणाले. मग पुढे सरकले. "नाही, इथे. एक मोठं झाड होतं. झाडापासून..." त्यांनी भिंतीवर हात फिरवला. "तिथे असेल बहुतेक."

"बहुतेक नको," जिजी म्हणाली. "नक्की सांगा."

"कसं सांगू? झाडच नाही."

"मग आठवा. खिडकीतला हात कसा हलला होता ते आठवतं तुम्हाला. हे आठवा."

आप्पा भिंतीच्या कडेने पुन्हा मागे गेले. दफनभूमीच्या फाटकापासून चालत आले, मनात काहीतरी मोजत, ओठ हलवत. एका ठिकाणी भिंतीत पाणी जायला भोक ठेवलेलं होतं, त्याच्याजवळ ते थांबले. खाली वाकून त्यांनी भोकात हात घातला आणि काढला. "हे होतं," ते म्हणाले. "भाऊजी म्हणाले होते, पावसाचं पाणी इथून येईल, जरा बाजूला खणू. मग आम्ही इकडे सरकलो." त्यांनी दोन पावलांवरची जमीन दाखवली. "इथे. हे नक्की."

तिथे जमिनीवर खडी टाकून रोलर फिरवलेला होता. जिजी त्या जागेकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. आप्पांना मात्र आलं. ते भिंतीला टेकले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तिने त्यांना रडू दिलं. जवळ गेली नाही, पदर पुढे केला नाही. एरवी तिचा हात आपोआप गेला असता. आज तिने तो स्वतःजवळ ठेवला.

त्यांचं थोडं थांबल्यावर तिने विचारलं, "काय होतं?"

त्यांना लगेच कळलं नाही.

"मुलगा की मुलगी?"

"तुला आईने सांगितलं नाही?"

"मला कुणी काही सांगितलं नाही. गेलं, एवढंच सांगितलं."

आप्पांनी तोंडावरून हात फिरवला. "मुलगी होती," ते म्हणाले.

मैदानावरची गाडी बंद पडली. बाईने ती पुन्हा सुरू केली.

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"भाऊजी म्हणाले बघू नकोस. मी पाहिलं. कापड बाजूला करून पाहिलं. केस होते गं डोक्यावर. एवढ्या लहान डोक्यावर एवढे केस, ओले, काळे. मुठी मिटलेल्या." ते थांबले. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"नाही ना," जिजी म्हणाली. "म्हणून अजून जसंच्या तसं आहे."

राग गेला नव्हता. तो कुठे जाणारही नव्हता, हे तिला आता कळत होतं. घरी गेल्यावर तो असेल, सकाळी चहा टाकताना असेल, आणि या माणसाबरोबर राहायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नव्हतं. पण तिच्या मुलीला केस होते. मिटलेल्या मुठी होत्या. इतकी वर्षं हे या माणसाच्या डोळ्यांत पडून होतं आणि तो तिला त्या भलत्याच हाताची गोष्ट ऐकवत होता.

थोरली गाडीपासून चालत जवळ आली होती. ती आईच्या शेजारी उभी राहिली, अंगाला अंग न लावता.

"आता सगळं सांगा," जिजी आप्पांना म्हणाली. "तुम्ही कर्णा ठेवून वर आलात तिथपासून. आई काय म्हणाल्या, कापड कुठलं होतं, खणलं कुणी. एकही गोष्ट गाळायची नाही, आणि गोड करून सांगायची नाही. ही पण ऐकेल. तिची बहीण होती."

आप्पांनी घसा साफ केला. माइकशिवाय त्यांना कसं बोलायचं ते समजेना, तसे त्यांचे हात अंगाशी लोंबकळत राहिले. मग खाली खडीकडे बघत ते पुटपुटायला लागले. मी आलो तेव्हा जिन्यात आई उभी होती, असं काहीतरी. गाडीच्या आवाजात ते नीट ऐकू येईना.

"मोठ्याने," जिजी म्हणाली.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली, थोडं मोठ्याने.

"अजून मोठ्याने."

आप्पांचा आवाज चढला, फाटला, आणि सपाट मैदानावर दूरवर गेला. आई जिन्यात उभी होती आणि तिच्या हाताला रक्त होतं. क्लच सोडायला सांगणारा माणूस बोलायचा थांबला आणि वळून भिंतीकडे बघायला लागला. गाडीतल्या बाईनेही काच खाली केली. जिजीने दोघांकडे पाहिलं आणि त्यांना ऐकू दिलं.